वॉर्डातली दुपारची झोप

अलिबागजवळच्या एका रुग्णालयात, लहान मुलांच्या आयसीयूत मी सिस्टर आहे. तिथल्या गोंगाटाची आम्हाला इतकी सवय झाली होती की तो कानांवर पडूनही ऐकू येत नसे.

रेवसकडच्या एका कोळ्याची मुलगी न्यूमोनियाने दाखल झाली होती. व्हेंटिलेटर निघाला, ताप उतरला, पण झोप काही लागेना. मॉनिटर वाजला की दचकायची, कचऱ्याच्या डब्याचं झाकण आपटलं की रडायची.

"सिस्टर, डोला लागला का काय तरी वाजतंय," तिची आई म्हणाली. "जरा झोपू द्या ना माझ्या पोरीला."

मी मोबाइलवर आवाज मोजायचं अॅप घेतलं आणि फोन उशीजवळ ठेवला. आकडे पाहून सुन्न झाले. भर रस्त्यावर खाट टाकल्यासारखं होतं ते. तशीच मोठ्या डॉक्टरांकडे गेले.

"अलार्म बंद केले आणि काही झालं तर?" त्यांनी विचारलं.

"बंद नाही, सर. प्रत्येक मुलाच्या वयाप्रमाणे मर्यादा लावू. उगाच वाजणारे तेवढे थांबतील."

त्यांनी मान डोलावली. "ठीक. पण मर्यादा मी स्वतः तपासणार."

मग आम्ही हात धुऊन गोंगाटाच्या मागे लागलो. अलार्मच्या मर्यादा लावल्या, स्टुलांच्या पायांना रबर बसवलं, डबे बदलले. भिंतीवर आवाज वाढला की लाल होणारा दिवा लावला. पहिल्याच राउंडला सर मोठ्यांदा हसले आणि दिवा पेटला. सगळ्या मुलांच्या आया त्यांच्याकडे बघायला लागल्या. सरांनी जीभ चावली आणि उरलेला राउंड कुजबुजत केला.

जेवणानंतर पडदे ओढायचे, तातडीचं नसेल ते काम पुढे ढकलायचं, असंही ठरलं. त्याच दुपारी ती मुलगी झोपली. इतकी निपचित, की आई घाबरून धावत आली.

"हिला काय झालं तर न्हाय ना?"

मी तिला मॉनिटर दाखवला. ठोके संथ, एकसारखे. "काही नाही हो. गाढ झोपलीये."

ती मटकन खाली बसली आणि पदरात तोंड लपवून रडली. मलाही राहवलं नाही.

ऊन कलल्यावर पोरीने डोळे उघडले. "आये, भूक लागली."

पेज खाताना तिने आईच्या हातातला चमचा ओढून घेतला. घरी निघाली ती स्वतःच्या पायांनी. त्याच आठवड्यात नवजात बाळांच्या विभागातून निरोप आला, तसला दिवा आम्हालाही हवाय. तिथे तो बसवताना शिडी धरायला सर स्वतः आले.