सोबत्याच्या कपाळावरचा दिवा

आमचे हे बुलढाण्याला शाळेत विज्ञान शिकवायचे आणि सुट्टीत यंत्रमानवांच्या गोष्टी लिहायचे. महाराष्ट्र राज्य नवं नवं होतं. आमच्या गल्लीत अजून नळ यायचा होता आणि ह्यांच्या गोष्टीतली माणसं मंगळावर कापूस पेरत होती. मी म्हणायची, "पहिले घरात पाणी आणा, मंग जा मंगळावर." हे नुसते हसायचे. गोड स्वभाव त्यांचा होता, माझा नव्हता.

पुढे ह्यांना कंपवातानं गाठलं. आधी फळ्यावरचं अक्षर वाकडं झालं, मग खडूच हातात ठरेना. नोकरी सुटली, गोष्टी काही सुटल्या नाहीत. मग मी त्यांचा हात झाले. दुपारची भांडी आवरली की मी पाटावर कागद घेऊन बसायची, ते खाटेवर पडून सांगायचे. एक वाक्य लिहून मी पेन उचललं की म्हणायचे, "हं, पुढं."

नणंदबाई भिंतीला टेकून वाती वळत असायच्या. त्यांना सोनाळ्याला दिलं होतं. लहान वयातच विधवा झाल्या आणि भावाकडे परत आल्या. कपाळ मोकळं, आवाज मात्र खणखणीत.

शेवटची गोष्ट पुढच्या कुठल्याशा शतकातली होती. त्या काळात प्रत्येक माणसाला जन्मतःच एक यंत्र मिळतं, त्याचा सोबती. सोबती विचार करतो, रुसतो, आपल्या माणसाचा खोकला दुरून ओळखतो. माणूस मेला की कारखान्याचे लोक येतात आणि सोबत्याच्या कपाळावरचा दिवा काढून घेतात. त्यानंतर सोबती आपल्या मनानं कुठे जात नाही, काही मागत नाही. कोपऱ्यात उभा राहतो.

माझं पेन थांबलं.

"अहो, तुमाले हे सुचलं कुठून?"

"कल्पना आहे आपली," ते अभिमानानं म्हणाले. "इंग्रजी पुस्तकातही नसंल."

शपथेवर सांगते, त्यांना दिसलंच नव्हतं. ज्या खोलीत पडून ते हे सांगत होते, तिथेच हातभर अंतरावर त्यांची सख्खी बहीण बसली होती. आईचं, आत्याचं, बहिणीचं कपाळ पुसलेलं त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. इतकं पाहिलं होतं, की ते पुढच्या शतकात नेऊन ठेवलं तरी त्यांना नवीनच वाटलं. मला त्यांचा असा संताप आला, की हातातलं पेन फेकावंसं वाटलं.

नणंदबाईंनी वात खाली ठेवली. "काऊन रे, दिवा काढल्यावर त्याले समजते का सारं?"

"समजते ना ताई. समज तशीच राह्यते."

"मंग ते सारं समजलेलं जाते कुठी?"

ह्यांनी नजर छताकडे वळवली. म्हणाले, "आज राहू दे."

ती गोष्ट तिथेच अडली. रोज दुपारी आम्ही तिथवर यायचो आणि भांडायचो. हे म्हणत, "बंद करून टाकू त्याले. सुटंल बिचारं."

"जिवंतपणी? त्यापेक्षा दारातून जाऊ द्या ना त्याले."

"जाईल कुठी? कोण आहे त्याचं?"

"ते त्याचं तो पाहून घेईल!" मी ओरडले. लोखंडाच्या बाजूनं मी इतकं का भांडत होते, कोण जाणे.

ते माझ्याकडे कुशीवर वळले. मग हसून म्हणाले, "तुले जायचं आहे का कुठी?"

मी कागद आवरून उठले. पंधरवड्यातच ते गेले.

गल्लीतल्या बायका जमल्या. कपाळ पुसायचं काम विधवेनंच करायचं असतं, तशी पद्धत होती. नणंदबाई पुढे आल्या. स्वतःच्या पदराचं टोक ओलं करून त्यांनी माझं कुंकू पुसलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसता जाळ होता.

त्यानंतर तो आवाज सुरू झाला. डाळ निवडताना, केर काढताना, एखादं काम संपलं की रिकाम्या खाटेवरून यायचा, "हं, पुढं." अंगावर काटा यायचा आणि तरी मी कान देऊन थांबायची. दुसऱ्या कुणाचं ऐकून थांबले नसते.

ज्या मासिकाला ही गोष्ट कबूल केली होती, त्याच्या संपादकांचा निरोप आला, शेवट हवा. मी पाटावर कागद घेऊन बसले. आवाज लगेच आला, "सोबती बंद झाला, असं लिही." आणि माझा हात चालू लागला. हात माझा, पण इतक्या वर्षांत तो मला न विचारता चालायला शिकला होता. मी घाबरले. हे वाक्य माझ्या हातानं पुरं झालं, तर उरलेला जन्म मीही कोपऱ्यातच उभी राहणार, हे मला लख्ख कळत होतं.

"काय म्हणून राह्यला तो?" नणंदबाईंनी विचारलं. मी त्यांना आवाजाबद्दल कधीच सांगितलं नव्हतं.

"बंद करा म्हणतात."

"लय ऐकलं त्याचं आपण. तू लिह तुह्या मनानं."

मी ओळ खोडली. लिहिलं, सोबत्यानं दार उघडलं आणि तो बाहेर पडला. कुठे जायचं ते त्याला ठाऊक नव्हतं, पण चालता येत होतं.

सवयीनं पेन उचललं आणि थांबले.

काही आलं नाही. बाहेर कोर्टाकडून येणाऱ्या लोकांच्या चपला वाजत होत्या. मी खाटेकडे वळून मोठ्यानं विचारलं, "अहो, चुकलं का माझं?" नणंदबाईही वाती सोडून तिकडेच बघत होत्या.

आवाज पुन्हा कधी आला नाही. मी मोकळी झाले होते, आणि त्या दुपारी मला त्यांचं रागावणंसुद्धा चाललं असतं.