आत्या आपल्याच घरातली

एसटी सुटायच्या आधी आईने खिडकीतून हात घालून माझं डोकं कुरवाळलं आणि म्हणाली, "पोचल्यार कागद धाड रे झिला." वडील नुसतेच उभे होते. रडली ती मालूआत्या, वडिलांची धाकटी बहीण. ती सासरहून डोंगर ओलांडून चालत आली होती आणि एवढ्या मोठ्याने रडत होती की कंडक्टर म्हणाला, "बाये, झिल मुंबईक जाता, लढाईक नाय." सगळे हसले. मीही हसलो.

लालबागला आमच्या गावची खोली होती. गिरणीतली माणसं पाळीपाळीने झोपायची, एक उठला की त्याच्या जागेवर दुसरा. मला गिरगावात चष्म्याच्या काचा घासायचं काम मिळालं आणि त्यातच जन्म गेला. शेठ नंबर सांगायचा, मी घासायचो. लग्न झालं, मुलगी झाली, आम्ही राहायचो ती चाळ पाडली. आता करी रोडला टॉवरमध्ये मी आणि बायको राहतो, आणि शेजारी कोण आहे ते विचाराल तर मला ठाऊक नाही.

दोन वर्षांपूर्वी प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, तोवर तो हाडांत उतरला होता. परळच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात कुणाला होता का? मी छातीठोकपणे सांगितलं, कुणालाच नाही. इंजेक्शनांवर बरं चाललं होतं. यंदा ती चालेनाशी झाली, आणि बाईंनी जीनची तपासणी करायला लावली. तिथे एक मुलगी एकेका नातेवाइकाचं विचारत बसली. काका? नाही. आजोबा? नाही. आत्या?

"आत्या छातीच्या गाठीने गेली. पण ती आमच्या घरातली नाही," मी म्हटलं. "दिलेली ती. सावंतांची."

मुलगी हसली नाही. "काका, तुमच्या बाबांची सख्खी बहीण ना ती?"

"हो."

"मग घरातलीच."

मालूआत्या गेली तेव्हा आम्ही धड सुतकही पाळलं नव्हतं. दिलेली मुलगी, तिचं सुतक तिच्या घरी. भाऊंनो, गावी तुम्हीही तसंच वागलात, त्यामुळे मला एकट्याला बोल लावू नका. ते डोक्यात इतकं मुरलेलं होतं की आपण चुकीचं सांगतोय हेही मला कळलं नव्हतं.

बीआरसीए-टू की कायसं नाव आहे त्या जीनचं. त्यात बिघाड निघाला, वडिलांकडून आलेला. वडील चाळिशीतच साप चावून गेले, म्हणून त्यांच्यात काही दिसलं नाही. माझ्या अश्विनीनेही रक्त दिलं, आणि तिच्यातही तो निघाला. ती फोनवर म्हणाली, "बाबा, आधी कळलं ते बरंच झालं." मी मात्र त्या दिवशी जेवलो नाही. पोरीला दागिना देऊ शकलो नाही तो नाहीच, वर हे दिलं.

आता बाई म्हणतात, दोन रस्ते आहेत. एक सलाईनमधून किमो. दुसरा या बिघाडावरच्या खास गोळ्या. किमोने केस जातील, बोटं बधिर होतील. गोळ्यांनी रक्त उतरेल, मळमळेल, वेळ आली तर रक्त चढवावं लागेल. आजार मुळापासून कशानेच जाणार नाही, पुढे ढकलला जाईल एवढंच. "तुम्हीच ठरवा," म्हणाल्या. जन्मभर दुसऱ्याने सांगितलेल्या नंबराच्या काचा घासल्या, आणि आता म्हणे तुम्ही ठरवा! खरं सांगू? मी कंटाळलोय. आपले थोरले भाऊ रोज फोनवर म्हणतात, "गावाक ये रे. त्ये सुयो कित्याक टोचून घेतंस? भात खा, मासे खा, सुखान पड." मला तेच हवं होतं. दोन्ही रस्ते सोडून गावी यायचं, असं मनात जवळजवळ ठरवलंच होतं.

पण बाईंनी एक काम सांगितलं होतं, रक्ताच्या सगळ्यांना कळवा. म्हणून मालूआत्याच्या मुलीला, सुशीला, फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दादा, माका कित्या सांगतंस? ता तुमच्या घराण्यातला. आमी सावंतांची."

आम्हीच पढवलेलं ती मला परत म्हणून दाखवत होती.

"सुशे, तू आमचीच गो," मी म्हटलं.

ती पलीकडे रडायला लागली. आजाराला रडते की त्या शब्दाला, मला कळेना. मलाही रडू आवरेना. इतक्या वर्षांत तिला आपली म्हटलं नाही, आणि म्हटलं ते हे सांगायला.

सुशी सोमवारी रक्त तपासायला इथे येते आहे. मी बाईंना कळवून टाकलं, गोळ्या घेतो, आणि इथेच राहून घेतो. गावी यायचा जीव अजून होतो, खोटं कशाला बोलू. पण भाऊंनो, तुमच्या लेकींना, नातवंडांना आज ना उद्या परळला यावं लागेल, आणि त्यांना उतरायला कुणाचं तरी दार हवं. दमलोय, पण कडी काढण्याएवढी ताकद नक्की आहे. माझं घर म्हणाल तर आता हेच.

सोसायटीच्या ॲपमध्ये सुशीचं नाव घालायला खाली गेलो. वॉचमनने विचारलं, "अंकल, गेस्ट डालूं?"

"नाय रे," मी म्हटलं. "फॅमिली डाल."