गटाराची तक्रार आणि संदीपची सोयरीक

गावातल्या प्रत्येक तुंबलेल्या गटाराला एक तक्रारदार असतो. मांडवगण फराट्यात आमच्या आळीला मी होतो.

आमच्या दारापुढचं गटार तुंबलं आणि पाणी रस्त्यावर आलं. दोन दिवसांत त्यात म्हशी डुंबायला लागल्या. (एकच होती, पण ती दोघींएवढी होती.) एरवी चालवून घेतलं असतं. पण रविवारी पाटसहून मुलीकडचे आमचं घर बघायला येणार होते. माझ्या धाकट्या भावाला, संदीपला, शेती करतो म्हणून सहा ठिकाणांहून नकार आलेला. सातवं स्थळ कसंबसं घरापर्यंत येतंय, तर दारात तळं!

मी ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन्ही वेळेला फोटो टाकायला लागलो. प्रत्येक फोटोत आमचा नवा रॅम्प दिसेल, एवढं मात्र बघायचो. ट्रॅक्टर अंगणात घ्यायला गटारात पाइप टाकून वर काँक्रीट ओतलेला हा रॅम्प मी स्वतः उभा राहून करून घेतला होता. मिस्त्री श्वाससुद्धा मला विचारून घ्यायचा. शेवटी लेखी अर्ज दिला. ‘गटार बुजवणाऱ्या समाजकंटकाचा शोध घेऊन कडक कारवाई व्हावी’ हे वाक्य त्यात दोनदा घातलं. ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले, मशीन रविवारी सकाळीच मोकळं आहे.

रविवारी रफीकभाई जेसीबी घेऊन आले, मागोमाग भाऊसाहेब आले, आणि जेसीबी बघायला अर्धं गाव आलं. मी हातवारे करत रॅम्पच्या वरच्या अंगाचं सगळं गटार उकरायला लावलं. गाळ निघाला, चपला निघाल्या, पण पाणी काही हलेना. रफीकभाई खाली उतरले, रॅम्पला एक चक्कर मारली आणि म्हणाले,

"दादा, वरच्या अंगाला तुडुंब, खालच्या अंगाला खडखडीत. पायपात काय घातलंय तुम्ही?"

मी खालच्या तोंडाशी वाकून बघितलं आणि आठवलं. ओतताना माल पाइपात जाऊ नये म्हणून दोन्ही तोंडांना युरियाच्या रिकाम्या गोण्या कोंबायचं फर्मान मीच सोडलं होतं. काढायचं फर्मान सोडायचं राहिलं होतं. आणि माझ्या हुकमाशिवाय मिस्त्री कशाला काढतोय!

"फोडावाच लागंल का ओ?" मी हळूच विचारलं.

भाऊसाहेबांनी खिशातून माझा अर्ज काढला. "कडक कारवाई म्हणलंय तुम्हीच. तेबी दोनदा."

जेसीबीचा दात रॅम्पवर पडला आणि त्याच मुहूर्तावर पाहुण्यांची जीप येऊन थांबली. मुलीचे आजोबा, आबा, पहिले उतरले. तेवढ्यात गोणी सुटली! साठलेलं पाणी असं काही उसळलं, की आबांच्या एका पायातला कोरा करकरीत बूट भीमेच्या दिशेनं निघाला. कुणाला काही सुचायच्या आत संदीपनं इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टासकट गटारात उडी टाकली आणि बूट धरून आणला.

आबांनी आधी बूट बघितला, मग संदीपला, मग फुटका रॅम्प. "ह्यो कुणी बांधला?"

अर्ध्या गावानं एकदम माझ्याकडं बोट केलं.

आबांनी आत येऊन चहा घेतला. मग कप खाली ठेवून आमच्या वडलांना म्हणाले, "पोरगा पसंत हाय. पण अट एकच. लग्नात थोरल्याला कुठल्याच कामाला हात लावू द्यायचा न्हाई."

अट तंतोतंत पाळली गेली. मला मांडवात मधोमध गादीची खुर्ची मिळाली आणि मी उठू नये म्हणून दोन्ही बाजूंना दोन माणसं. पाटसकडचे पाहुणे आजही विचारतात म्हणे, लग्नाला तो बॉडीगार्डवाला मोठा साहेब कोण आला होता?