ना-हरकत

सोनकांबळे सर कुणाच्याही घरात शिरले की आधी पावलं मोजायचे. उंबरठ्यापासून समोरच्या भिंतीपर्यंत, टाचेला अंगठा लावत, ओठ हलवत. मग बसायचे. घरची माणसं हसायची. मला हसू येत नसे, कारण त्यामागची गोष्ट मला ठाऊक होती.

निलंग्यात आम्ही एकाच शाळेत. ते भूगोल शिकवायचे, मी ग्रंथालय सांभाळते. अक्षर सुवाच्य आणि माणूस न डगमगणारा, म्हणून अपमृत्यूच्या पंचनाम्याला पोलीस वर्षानुवर्षं त्यांनाच पंच म्हणून न्यायचे. परत आले की हात धुऊन तासाला जायचे. "मेलेला माणूस काय करत न्हाई मॅडम," म्हणायचे. "त्या खोलीतल्या वस्तूच बघवत न्हाईत. कपात अर्धा चहा असतोय."

वडिलांच्या तेराव्याला ते आमच्या शेतातल्या घरी आले. माझा धाकटा भाऊ विलास वडिलांची बंदूक आपल्या नावावर करून घेत होता. दुसरी वारस म्हणून माझी ना-हरकत सही हवी होती. सरांनी कागद वाचला. "देऊ नका," म्हणाले.

"का हो सर?" विलास उसळला. "रानडुकरं पीक उकरायलीत. अन् चोर आला तर काय त्याला भूगोल शिकवू?"

सरही हसले. "चोरासाठी घेतलेली बंदूक मी चोराजवळ पडलेली कवाच पाह्यली न्हाई. दर बारी घरच्याच माणसाजवळ."

"माणूस कुऱ्हाडीनंबी मरतंय."

"मरतंय की. पण तिला जवळ जावं लागतं, तोंड दिसतं. अन् कुऱ्हाड चुकून सुटत न्हाई, बाबा."

मला वाटलं, इतकी मरणं पाहून सर भित्रे झालेत. मी सही केली. निघताना ते देवघरापासून दारापर्यंत पावलं मोजत गेले.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला विलासनं पूजेसाठी बंदूक पुसायला घेतली. डुकरांसाठी भरलेलं काडतूस आत तसंच राहिलं होतं.

पंच म्हणून सरच आले. हवालदार टेप उलगडत होता, तेवढ्यात सर देवघराकडं बघत पुटपुटले, "दारापासून नऊ फूट दोन इंच." टेप ताणली. तेवढंच भरलं. हवालदारानं सरांकडं पाहिलं आणि पुन्हा मोजलं. सर लिहीत राहिले.

वर्षाच्या आत भावजयीनं, शोभानं, तसाच कागद माझ्यापुढं धरला. "रानात एकटी असते, आक्का. बंदूक माझ्या नावावर होऊ द्या. करा सही." सर तेव्हा लातूरच्या दवाखान्यात शेवटच्या दुखण्यात होते. मी त्यांना विचारलं.

"एकटी हाय, हे तर खरं हाय तिचं," म्हणाले. "मग तुम्ही जावा की तिच्या सोबतीला."

चार दिवसांनी सर गेले. मी सही केली नाही. शोभा माझ्याशी बोलत नाही. तरी शनिवारी शाळा सुटली की मी शेतावर जाते. तिन्हीसांजेला आम्ही दोघी ज्वारीच्या कडेनं पत्र्याचे डबे बडवत फिरतो. दमून थांबलो की ज्वारीतली सळसळही थांबते, अगदी आमच्याबरोबर. मग शोभा माझ्याजवळ सरकते.