बांगड्यांच्या दुकानातली पुस्तकं

पुस्तकांच्या दुकानात दोन गोष्टी रोज साचतात, धूळ आणि किस्से. धूळ सकाळी फडक्यानं झटकता येते. किश्श्यांचं काय करायचं? घरी जेवताना मी एखादा सांगायला लागले की नवरा म्हणतो, "हा झालाय सांगून." मुलगी आतून ओरडते, "दोनदा!" म्हणून आज तुम्हाला गाठलंय. तुम्ही तरी तसं म्हणणार नाही!

जळगावात बसस्टँडच्या मागच्या रस्त्याला माझं दुकान आहे. अठरा वर्षं झाली. दर रविवारी सकाळी दहाला आम्ही चार खुर्च्या बाहेर काढतो, एका लेखकाला बोलावतो आणि चहा पीत त्याच्याशी पुस्तकावर गप्पा मारतो. हे कसं सुचलं, असंच का लिहिलं, तसं का नाही. धुळ्याहून, अमळनेरहून, चोपड्याहून लेखक एसटीनं येतात. हार नाही, शाल नाही, तरी येतात. त्यांचे उपकार मी कुठे फेडू?

*

पण सुरुवात लेखकांची नाही, बांगड्यांची आहे. माझ्या आधी त्या गाळ्यात बांगड्यांचं दुकान होतं. मी पुस्तकं लावली, पाटी लावली, तरी बायका यायच्याच.

पहिल्याच दिवशी एक म्हातारी आली. खेड्यातली, डोक्यावरून पदर घेतलेली. स्टुलावर बसली आणि सरळ हात पुढे केला. मी म्हटलं, "आजी, बांगड्यांचं दुकान गेलं हो. आता पुस्तकं मिळतात इथे."

तिनं सगळीकडे एकदा नजर फिरवली. हात काही मागे घेतला नाही.

"आते हात पुढे करेल शे, तर कायतरी दे ना माय!"

मी तिच्या नातवासाठी गोष्टींचं एक पुस्तक त्या हातावर ठेवलं. तिनं ते कपाळाला लावलं, पैसे दिले आणि गेली. ती माझी पहिली भवानी! आजही शटर उघडताना मला तो हात दिसतो.

*

रविवारच्या गप्पा सुरू केल्या तेव्हा मला वाटलं होतं, गर्दी आवरणार नाही. पहिले लेखक आले रघुनाथ सर, धुळ्याचे. विहिरी खणणाऱ्या एका माणसावर त्यांनी कादंबरी लिहिली होती. श्रोते किती? तीन! मी, माझा नवरा आणि मुक्ताईनगरच्या बसची वाट बघत सावलीला टेकलेले एक काका.

मला तर रडूच यायला लागलं. सर म्हणाले, "अहो, तिघं म्हणजे काय कमी झाले? बसा." आणि तासभर बोलले. गावातली कोरडी विहीर, तिच्या तळाशी उभा तो माणूस, वर बघितलं की दिसणारं रुपयाएवढं आभाळ. काकांची बस आली आणि गेली. काका हलले नाहीत.

शेवटी मी विचारलं, "कुणाला काही प्रश्न?" काकांनी हात वर केला.

"सर, मंग पानी लागनं का नई?"

सर गडबडले. कादंबरी तिथेच थांबते, पाणी लागायच्या आधी. ते म्हणाले, "खरं सांगू? मलाच माहीत नाही."

"मंग लिखं कसाले?"

मी जीभ चावली. सर मात्र पोट धरून हसले. निघताना माझ्या नवऱ्याला म्हणाले, "वीस वर्षं लिहितोय, एवढ्या काळजीनं मला कुणी विचारलं नव्हतं. तुमचा कार्यक्रम हाऊसफुल्ल झाला बरं का!"

आणि काका? पुढच्या बसनं गेले. जाताना पुस्तक घेऊन गेले. "बघस मी, कुठे लिखेल व्हई," म्हणाले!

*

विमलअक्का अमळनेरजवळच्या खेड्यातल्या. वय सत्तरीच्या पुढे. त्यांनी अहिराणीत सांगितलेल्या गोष्टी सुनेनं वहीत उतरवून घेतल्या आणि त्याचं पुस्तक झालं. त्या रविवारी बाहेर खुर्च्या पुरल्या नाहीत.

गप्पा रंगात आल्या असताना एक इस्त्रीचा शर्ट उभा राहिला. "अक्का, गोष्टी छान आहेत. पण हे तुम्ही शुद्ध मराठीत का नाही लिहिलं? जास्त लोकांपर्यंत पोचलं असतं."

सून अवघडली. अक्कांनी शांतपणे चहाची बशी खाली ठेवली.

"भाऊ, मन्ही माय माले मराठीमा कदी मारे नई. अहिरानीमाच मारे."

क्षणभर कुणालाच कळेना, हसावं का. मग मागून एक बाई एकदम रडायलाच लागल्या. त्या बँकेत मोठ्या पदावर आहेत, आमच्या नेहमीच्या गिऱ्हाईक. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून अहिराणीचा एक शब्द मी ऐकला नव्हता. त्या दिवशी त्या आणि अक्का दुपारपर्यंत दुकानात बसल्या आणि बठ्ठं, म्हणजे सगळं, अहिराणीतच बोलल्या!

इस्त्रीच्या शर्टानंही दोन प्रती घेतल्या, हे सांगायला हवं.

*

चोपड्याचे यशवंतआबा केळीवाले. एक दिवस तणतणत आले आणि एक कादंबरी काउंटरवर आपटली.

"हे परत घ्या. ह्या माणसानं केळीची बाग पाहिलेली नाही!"

"काय झालं आबा?"

"हिरोईन म्हणे ज्या केळीचा घड तोडते, त्याच केळीचा पुढच्या वर्षी पुन्हा घड तोडते. अहो, घड निघाला की ते खोड संपलं! बाजूला फुटलेल्या पिलाला पुढं वाढवायचं. पहिली दुसरीतल्या पोरालाही ठाऊक आहे आमच्याकडे!"

मी त्यांच्यासमोरच लेखकाला फोन लावला. तरुण मुलगा, धुळ्यात राहतो, शहरातच वाढलेला. मला वाटलं, आता भांडण होणार. तो म्हणाला, "त्यांना विचारा, मी बाग बघायला येऊ का?"

तो गेला. एक दिवसासाठी गेलेला, चार दिवस राहिला! पुढच्या आवृत्तीत ते पान बदललं. अर्पणपत्रिकेत त्यानं लिहिलं, "यशवंतआबांना, ज्यांनी पुस्तक परत केलं."

आबांनी त्या आवृत्तीच्या पंचवीस प्रती घेतल्या. एकही परत आणली नाही!

*

भास्कर सर कॉलेजातून निवृत्त झालेले, ललित लेख लिहिणारे. माणूस लाख, पण एक खोड. दुकानात आले की खालच्या फळीवरचं स्वतःचं पुस्तक हळूच काढायचं आणि काउंटरवर सगळ्यांच्या पुढे ठेवायचं. ते गेले की मी ते परत फळीवर ठेवायची. वर्षानुवर्षं आमचा हा मुका खेळ चालला होता. त्यांनी कधी कबूल केलं नाही, मी कधी पकडलं नाही.

एकदा ते येऊन गेले. मी सवयीनं काउंटरकडे हात नेला, तर तिथे वेगळंच पुस्तक. एका नवख्या मुलीचा पहिला कथासंग्रह. सहा महिन्यांत कुणी हातसुद्धा लावला नव्हता.

मी फोन केला. "सर, आज तुमचं पुस्तक पुढे ठेवायला विसरलात?"



"विसरलो नाही," ते म्हणाले. "तिचं वाचलं."

*

आता हा शेवटचा.

कमलताई सिव्हिलमध्ये नर्स होत्या, आता निवृत्त. मिस्टर गेले त्याच्या पुढच्या वर्षी त्या एक जुनी कादंबरी घेऊन माझ्याकडे आल्या. मिस्टरांची आवडती. ताईंचं बाळंतपण अवघड गेलं होतं, तेव्हा महिनाभर उशाशी बसून त्यांनी ती ताईंना वाचून दाखवली होती. आता ताईंना स्वतः वाचायची होती, पण शेवटची आठ पानं वाळवीनं खाल्लेली!

मी खूप शोधलं. दुसरी प्रत कुठेच नाही, प्रकाशन कधीच बंद पडलेलं. लेखक मात्र होते. वसंतनाना, धुळ्यात, वय ऐंशीच्या पुढे. फोन केला, तर त्यांच्याकडेही प्रत नव्हती. म्हणाले, "हातानं लिहून देतो. शेवट माझाच आहे ना, आठवेल."

पंधरा दिवसांनी आठ पानं आली, रेघ न सोडता लिहिलेली. आमच्या सलीमभाई बाइंडरनी ती पुस्तकात इतकी नीट शिवली की वाटावं, तिथलीच आहेत. एक पैसा घेतला नाही. ताई पुस्तक छातीशी धरून गेल्या.

वर्षभरानं एका वाचनालयाच्या रद्दीत मला त्याच कादंबरीची चांगली प्रत सापडली. मी उभ्या उभ्या शेवट वाचला आणि चाटच पडले. नानांची पानं शिवायला देण्याआधी मी वाचली होती. त्यात मुलगा वेळेत घरी पोचतो, आई त्याला ओळखते, त्याच्या हातून पाणी पिते. छापील पुस्तकात तो पोचतो, तेव्हा सगळं आटोपलेलं असतं.

मी नानांना फोन केला. म्हटलं, "नाना, छापलेला शेवट वेगळा आहे."

"माहीत आहे," नाना म्हणाले. "तेव्हा मी तरुण होतो."

एवढंच. पण मला चैन पडेना. ताईंना खरा शेवट कळायला हवा होता. मी ती प्रत घेऊन त्यांच्या घरी गेले आणि चाचरत सगळं सांगितलं.

ताईंनी छापील शेवट वाचला. चष्मा काढला. पुस्तक मिटून माझ्या हातात परत दिलं.

"छे, हे चुकीचं छापलंय गं," त्या म्हणाल्या. "ह्यांनी मला वाचून दाखवलं तेव्हा तो वेळेत पोचला होता. आई त्याच्या हातून पाणीसुद्धा प्यायली होती!"