दूध पावडरीतले बिनबुलाये पाहुणे

जंतूंच्या लॅबमधल्या किश्शांचं एक असतं, एक आठवला की त्याच्या मागून दहा निघतात. परवा मैत्रिणींना एक सांगायला बसले आणि चहा गार झाला.

साठच्या दशकातली गोष्ट. बेलापूरच्या बाजूला एका कारखान्यात तान्ह्या बाळांसाठी दूध पावडर बनायची. त्यात नको ते जंतू नाहीत ना, हे बघायचं आमचं काम. आम्ही तिघं: साठे सर, जवळच्या दिवाळे गावचा दिनकर आणि मी.

जंतू वाढवायला आम्ही काचेच्या बशांत पिवळसर जेली थिजवायचो. एकदा दिनकरची आई मासळी विकून परतताना त्याला डबा द्यायला आली. बशा बघून खूश झाली.
"खरवस मस्त थिजलाय रं. पन गूल घालाचा इसरलास काय?"

त्या बशा ठेवायला उबदार कपाट होतं, इन्क्युबेटर. एका सकाळी सरांनी ते उघडलं तर आत झाकलेलं पातेलं.
"हे काय?"
"सँपल हाय, सर," दिनकर म्हणाला.
"कुठल्या बॅचचं?"
"दुपारच्या जेवनाच्या."
सरांनी झाकण उचललं. दही असं लागलं होतं की चमचा उभा राहावा. सर खूप ओरडले. दुसऱ्या दिवसापासून दिनकर विरजण घरीच लावू लागला.

आमचे मॅनेजर दलाल साहेब एकदा मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले आणि एकदम मागे सरकले.
"साठे, प्लांट बंद करा. याला केस आहेत. आणि हलतोय."
सर शांतपणे म्हणाले, "साहेब, ती तुमची पापणी आहे."

पण याच दलाल साहेबांचा खरा किस्सा पुढे आहे.

आमची एक टेस्ट होती. परीक्षानळीत जांभळा रस, त्यात एक इवलीशी नळी उपडी. पावडर त्यात मिसळून उबेत ठेवायची. पोट बिघडवणारे जंतू असले की रस पिवळा पडतो आणि उपड्या नळीत गॅसचा बुडबुडा धरतो. एके दिवशी एका बॅचच्या सगळ्या नळ्या पिवळ्या. सगळ्यांत बुडबुडे. सरांनी परत टेस्ट लावली, परत तेच. बाहेर ट्रक भरून उभा.

सरांनी ट्रक अडवला आणि किल्ली खिशात टाकली. दलाल साहेब तावातावाने लॅबमध्ये आले.
"बुडबुड्यासाठी माल अडवता?"
"बाळं पिणार आहेत, साहेब. त्यांना हे झेपत नाही."
साहेबांनी त्याच बॅचचा डबा फोडला, कोमट पाण्यात पावडर ढवळली आणि ग्लासभर दूध आमच्यासमोर गटागटा संपवलं. मिशी पुसत म्हणाले, "बघा. काय झालं मला?"
"काही नाही," सर म्हणाले. "मग डब्यावर तसं छापू. फक्त मॅनेजरांसाठी."
साहेब दार आपटून गेले. सरांनी ट्रकची किल्ली मात्र खिशातून काढली नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब आले नाहीत. दुपारी त्यांच्या बंगल्यावरून फोन आला. आवाज खोल गेलेला.
"साठे, ट्रक रिकामा करा. सगळा माल नष्ट करा."
"करतो, साहेब. तब्येत बरी आहे ना?"
"तब्येतीचा इथे काही संबंध ना..."
फोन टेबलावर आपटल्याचा आवाज आला, आणि मग लांब जाणाऱ्या चपलांचा.