निळं पाणी

"हात लावू नगा, सायेब. बोटाचा घामसुदिक लोखंडाला बाधतो." शिराळ्याच्या स्टँडमागच्या खोलीत शिरणाऱ्या प्रत्येकाला मिस्त्री हेच ऐकवायचे. मग तो शेतकरी असो की फौजदार.

सत्तरच्या दशकात मी तिथल्या कचेरीत हत्यारांच्या परवान्यांचं टेबल सांभाळत होतो. मिस्त्रींनी फौजेत वीस वर्षं बंदुका दुरुस्त केल्या होत्या. पेन्शनीवर आल्यावर रीतसर परवाना काढून त्यांनी तेच काम मांडलं. रानडुकरांपासून ऊस राखणाऱ्यांच्या बंदुका त्यांच्याकडे यायच्या. दुरुस्तीच्या नोंदी दाखवायला ते कचेरीत येत आणि जाताना माझ्या कपाटाच्या बिजागरीत तेलाचा थेंब सोडून जात. कुणी सांगितलेलं नसायचं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

एका उन्हाळ्यात एका सुभेदारांची विधवा पोलीस पाटलांना घेऊन आली. मालक वारले, मुलाला बंदूक नको, तेव्हा रायफल ठाण्यात जमा करायची होती. रायफल जुनी होती. लोखंड गंजू नये म्हणून नळीवर निळसर काळं पाणी चढवलेलं असतं. ते हात पडायच्या जागी पार उडालं होतं आणि तिथं बारीक गंज धरला होता.

"आवं, त्यांनी कवा तिला अशी ठिवली न्हाई," बाई म्हणाल्या. "आजारपणात ऱ्हायलं. माझ्या हातनं अशी जायला नगं."

मी साहेबांना विचारून आठ दिवसांची मुदत घेतली आणि त्यांना मिस्त्रींकडे पाठवलं.

दोन दिवसांनी मी सहज डोकावलो. मिस्त्रींनी नळी दारातल्या उन्हात धरली आणि विचारलं, नवं पाणी जुन्याशी जुळलं का? मी पाहिलं. सगळी नळी निळी आणि मधेच तळहाताएवढा तांबूस पट्टा. मला वाटलं, ते थट्टा करतायत. पण ते खरोखरच माझ्या उत्तराची वाट बघत होते.

खोटं बोलणं सोपं होतं. रायफल ठाण्याच्या कोठडीतच जाणार होती.

"मिस्त्री, तांबूस दिसतंय," मी म्हणालो.

त्यांनी नळी डोळ्यांजवळ नेली आणि उन्हात फिरवून पाहिली.

"किती दिसांपास्नं असं व्हतंय, कुणास ठावं," ते म्हणाले. "कुणी बोललं न्हाई."

मग त्यांनी तो पट्टा बारीक पॉलिश कागदानं घासून काढला. स्पिरिटनं पुसला, नळी उन्हात कोमट केली, कापसाच्या बोळ्यानं पाणी चढवायचं औषध फिरवलं, धुतलं, पुन्हा फिरवलं. काम उजेडातच व्हायला हवं, म्हणून तीन दिवस मी दुपारच्या सुट्टीत तिथंच भाकरी खाल्ली. हात त्यांचे, डोळे माझे. मी 'अजून' म्हणालो की ते बोळा बुडवत, 'थांबा' म्हणालो की तेल लावत. तिसऱ्या दिवशी जुनं कुठं संपतं आणि नवं कुठं सुरू होतं, ते मलाही सांगता येईना.

बाईंनी नळी निरखून पाहिली. "जशी व्हती तशी झाली," एवढंच म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले. मिस्त्री त्यांच्यासोबत ठाण्यापर्यंत चालत गेले.

पुढच्याच आठवड्यात ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. परवाना परत करायचा होता. अर्ज मी लिहावा, म्हणाले. मी समजावून पाहिलं. निदान बंदुकीचे घोडे, स्प्रिंगा तरी दुरुस्त करा. त्यांनी मान हलवली. बंदुकीचं काम अर्ध्या नजरेनं करायचं नसतं, म्हणाले.

मी कारण लिहिलं, 'वयोमानामुळे'. वाचून दाखवल्यावर त्यांनी ते खोडायला लावलं.

"डोळ्यांनी दिसत न्हाई, आसंच लिवा."

मी तसं लिहिलं. पुढं माझी बदली साताऱ्याला झाली आणि तिथं असताना मिस्त्री वारल्याचं मला कळलं. अर्ज लिहिला त्या दिवशी सही कुठं करायची ते त्यांना दिसेना. मी त्यांचं बोट धरून कागदावर टेकवलं. त्यांनी सावकाश, एकेक अक्षर जोडत, बोटाशेजारी आपलं नाव लिहिलं आणि ते ओळीवर आलंय का, असं मला विचारलं.